चार मीटरच्या आतली उंची

सोलापुरात सध्या कोणत्याही वसाहतीत फेरी मारली, तर दर दोन-चार घरांआड जी उंच, आखूड आणि रुबाब करणारी छोटी एसयूव्ही दारात उभी दिसते, तिचा आराखडा अभियंत्यांच्या टेबलावर येण्यापूर्वी केंद्रीय अर्थसंकल्पात ठरला होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. २००६ साली सरकारने लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क कमी केले आणि लहान मोटार कोणती याची व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोलचे इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलचे १५०० सीसीपर्यंत. २०१७ मध्ये जीएसटी आला, तरी ही रेघ पुसली गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले तेव्हा तर ती अधिकच ठळक झाली, कारण आता रेघेच्या आत १८ टक्के कर आहे आणि रेघेच्या बाहेर ४० टक्के. म्हणून यातल्या कित्येक गाड्यांची लांबी ३९९४ किंवा ३९९५ मिलिमीटर अशी काठोकाठ भरते, आणि इंजिने ९९९, ११९७ किंवा ११९९ सीसीची निघतात. मारुतीची ब्रेझा लांबीच्या परीक्षेत पास होते, परंतु तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्यामुळे ती ४० टक्क्यांच्या रांगेत जाऊन बसते.

लांबी वाढवायची सोय नाही, तेव्हा माणसांसाठी जागा वरच्या दिशेने शोधावी लागते. बोनेट आखूड होते, डिकी कापली जाते, छप्पर उंचावते आणि एवढा डोलारा ओढायला मिळते ते हॅचबॅकचे इंजिन. परवडणाऱ्या छोट्या एसयूव्हीचे सगळे गुण आणि जवळजवळ सगळे दोष या एका तडजोडीतून निघतात. म्हणूनच गुणांची आणि दोषांची वेगवेगळी यादी करून बेरीज-वजाबाकी मांडणारी परीक्षणे मला फारशी उपयोगाची वाटत नाहीत.

या प्रकाराची गोडी आपल्याकडे खऱ्या अर्थाने लागली ती २०१२ साली आलेल्या रेनोच्या डस्टरमुळे. ती मात्र ४३१५ मिलिमीटर लांब, म्हणजे रेघेबाहेरची होती. चार मीटरच्या आतला खेळ २०१३ मध्ये फोर्डच्या इकोस्पोर्टने रंगवला. मग २०१६ मध्ये विटारा ब्रेझा, २०१७ मध्ये टाटांची नेक्सॉन, २०१९ मध्ये ह्युंदाईची व्हेन्यू, २०२० च्या डिसेंबरात निसानची मॅग्नाइट आणि २०२१ मध्ये रेनोची कायगर आणि टाटांची पंच अशी रांगच लागली. २०२४ या वर्षात देशात सर्वाधिक खपलेली मोटार पंच होती, ही बातमी वाचल्यावर, अशीच गाडी घ्यायची म्हणून, माझ्या भाच्याने मला फोन केला. तो अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत नोकरी करतो, घरी बायको, मुलगी आणि वडील आहेत, आणि माझ्याकडे गेली काही वर्षे याच वर्गातली, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) नसलेल्या तीन सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची गाडी असल्यामुळे मामाला यातले कळते, असा त्याचा समज आहे.

त्याला मी पहिल्यांदा उंचीविषयीच सांगितले, कारण पैसे मोजायचे ते खरे तर तिच्यासाठी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे गाडी त्यावर अलगद चढून अलगद उतरते. आपल्या वसाहतींमध्ये, कुणाच्या तरी पोराला मोटारसायकलने उडवल्यानंतर, गल्लीकरांनी रातोरात सिमेंट आणि खडी ओतून जे गतिरोधक उभे केलेले असतात, त्यांना रुंदी जवळजवळ नसतेच, आणि उंची ज्याच्या त्याच्या रागावर अवलंबून असते. साधारण १६५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची, म्हणजे पोट रस्त्यापासून तेवढे उंच असलेली, हॅचबॅक चार माणसे बसवून त्यावरून नेली, की खालून घासल्याचा तो विशिष्ट खर्र आवाज येतो आणि गाडीतले सगळे क्षणभर गप्प होतात. २०२१ च्या पंचचा क्लिअरन्स १८७ मिलिमीटर होता, मॅग्नाइटचा २०५ आहे. हे आकडे रिकाम्या गाडीचे असतात. पाच जण आणि सामान भरल्यावर गाडी चांगली दोन-तीन बोटे खाली बसते, तरीही जी शिल्लक उरते ती तितक्याच भरलेल्या हॅचबॅकपेक्षा जास्त असते. जुळे सोलापुरातल्या आतल्या रस्त्यांवर पावसाळ्यानंतर जे खड्डे उघडे पडतात, त्यांतूनही मी आता तिरका न होता सरळ जातो.

परंतु उंचीचा खरा लाभ मला गतिरोधकांवर मिळाला नाही, तो आईच्या गुडघ्यांमुळे कळला. सत्तरी ओलांडलेल्या बाईला आमच्या आधीच्या हॅचबॅकमध्ये बसणे म्हणजे एक कार्यक्रम असे: एक हात दारावर, दुसरा माझ्या खांद्यावर, मग ‘देवा’ म्हणून अंग खाली सोडून द्यायचे, आणि उतरताना त्याच्या उलट, दुप्पट कष्टाने. भावाच्या मोठ्या जीपवजा गाडीत त्रास दुसऱ्या बाजूने होता. तिथे पायरीवर पाय ठेवून, साडीचा घोळ सावरत, वर चढावे लागे. या गाडीची बैठक मात्र नेमकी तिच्या कमरेच्या पातळीला येते. ती दाराशी पाठ करून उभी राहते, घरातल्या पलंगावर बसावे तशी मागे टेकते आणि मग दोन्ही पाय आत ओढून घेते. तुळजापूरला गाडीतून उतरताना ती हल्ली माझा हात मागत नाही. ज्यांच्या घरी वयस्कर माणसे आहेत, त्यांनी टेस्ट ड्राइव्हला त्यांना बरोबर न्यावे आणि गाडी चालू करण्याआधी त्यांना तीन-चार वेळा नुसते बसवून-उतरवून पाहावे. शोरूममधला मुलगा कंटाळला तर कंटाळू द्यावा.

उंची म्हणजे दमदारपणा असा अर्थ मात्र कुणी काढू नये. या किमतीतल्या गाड्यांची फक्त पुढची चाके ओढतात. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात ऑगस्टमध्ये पाऊस होऊन गेल्यावर शिरलेली अशी एक गाडी मी पाहिली आहे. ती माती चिकट असते आणि टायरच्या खाचा काही फुटांतच भरून टाकते. मग चाक जागच्या जागी गरगरते आणि गाडी पोटावर बसते. बांधावरचा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, दोर बांधला आणि ओढताना एवढेच म्हणाला, “दिसायला जीप हाय, पर हाय कारच.” याहून नेमके परीक्षण मी कुठे वाचलेले नाही.

आता इंजिनाचे. मॅग्नाइटच्या साध्या एक लिटर इंजिनाची ताकद ७२ पीएस (म्हणजे साधारण तेवढीच अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, ९६ न्यूटन मीटर आहे. त्याच लिटरला टर्बो जोडला की तीच ताकद १०० पीएस आणि टॉर्क १६० न्यूटन मीटर होतो. पंचच्या १.२ लिटर इंजिनाचे आकडे ८८ आणि ११५ असे आहेत. शहरात एकट्याने फिरताना या आकड्यांतला फरक जाणवतच नाही. सात रस्त्यावरून नव्या पेठेत जायला कुणालाही १६० न्यूटन मीटर लागत नाहीत. फरक कळतो तो मे महिन्यात, पारा बेचाळिसाच्या वर गेलेला असताना, गाडीत पाच माणसे, डिकी भरलेली आणि एसी पूर्ण जोरावर असताना. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच जिवावर चालतो आणि आधीच थोडे असलेले बळ त्यात वाटले जाते. गाडी सिग्नलवरून सुटते, पण सुटण्याआधी क्षणभर विचार करते.

बार्शीचा रस्ता त्यासाठी चांगली कसोटी आहे. नान्नजच्या पुढे, वैरागच्या अलीकडे, गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर एकामागे एक चाललेले असतात. त्यांना मागचा दिवा बहुधा नसतो, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो आणि ट्रॅक्टरवाला कानाला मोठ्याने गाणी लावून आपल्याच जगात असतो. समोर मोकळा रस्ता दिसतो, पण तो किती वेळ मोकळा राहील हे सांगता येत नाही. अशा वेळी मी काय करतो, तर एसी बंद करतो, गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणतो, इंजिन ओरडेपर्यंत पाय दाबतो आणि ट्रॉलीच्या बाजूने जात असताना समोरच्या एसटीचे अंतर मोजत राहतो. टर्बोवाल्या मित्राच्या गाडीत बसून हाच प्रकार पाहिला, तेव्हा त्याने तिसऱ्या गिअरमध्येच, बोलणे न थांबवता, ट्रॅक्टर मागे टाकला. दोन पदरी रस्त्यावर ओव्हरटेकिंगला लागणारा वेळ कमी होणे ही चैन नाही, ती सुरक्षितता आहे. म्हणून टर्बोसाठी जास्तीचे पैसे जाणार असतील, तर ते बाकीच्या साजशृंगारातून वाचवावेत आणि इथे घालावेत, असे माझे मत पक्के झाले आहे.

तीन सिलिंडरची थरथर हा त्या मानाने लहान दोष. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक १८० अंश फिरली की एक ठिणगी पडते, तीन सिलिंडरमध्ये २४० अंशांनी. शिवाय तिन्ही पिस्टन एका ओळीत असल्यामुळे इंजिनाची दोन टोके आळीपाळीने डोलू पाहतात. बऱ्याच कंपन्या तरीही तीनच सिलिंडर देतात, कारण इंजिन आखूड, हलके आणि स्वस्त होते, आणि आखूड बोनेटमध्ये ते मावते. सिग्नलला उभे असताना आतला आरसा थरथरतो आणि मागच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. मिस्त्रीला सांगितले तर तो म्हणतो, “साहेब, थ्री सिलिंडर आहे, एवढं असायचंच.” महिनाभरात आपल्यालाही ते असायचेच वाटू लागते.

पुण्याच्या हायवेवर उंचीची किंमत वेगळ्या रीतीने चुकवावी लागते. मोहोळ सोडले, टेंभुर्णी मागे पडली आणि भिगवणच्या बाजूला उजनीच्या पाण्यावरून आडवा वारा सुरू झाला, की शंभरच्या वेगात स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे लागते. बस शेजारून गेली तर गाडी हलकीशी ढकलली जाते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ऐंशीचे शंभर केले तर तो सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो, आणि समोरून रुंद व उंच असलेल्या गाडीला त्याचा फटका जास्त बसतो. माझी गाडी ऐंशी-पंच्याऐंशीच्या वेगात सतरा-अठराचे अ‍ॅव्हरेज देते, त्यापुढे ते डोळ्यांदेखत घसरते, आणि गावात तेरा-चौदावर समाधान मानावे लागते. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे पडणे क्रमप्राप्त आहे. आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची अशी गर्दी आहे की, ज्या उसाच्या ट्रॉलीमागे मी अर्धा तास अडकतो, तिच्यातलाच थोडा ऊस पुढे माझ्या टाकीत येत असावा. तक्रार करायची तर कुणाकडे करायची?

मागच्या सीटविषयी थोडक्यात सांगतो. या गाड्या पाच जणांच्या म्हणून विकल्या जातात आणि चार जणांच्या म्हणून वापराव्यात. मधल्याला पाय ठेवायला मध्ये उंचवटा आणि खालच्या मॉडेलांत कित्येकदा डोक्यामागे आधारही नाही. डिकी मात्र लांबीच्या मानाने बरी मिळते: कायगरची ४०५ लिटर, पंचची ३६६, मॅग्नाइटची ३३६. आमच्या शेजारच्या अण्णांचे पूर्व भागात टॉवेलचे यंत्रमाग आहेत. ते मागची सीट पाडून टॉवेलचे गठ्ठे छपरापर्यंत रचतात आणि स्टेशनजवळच्या ट्रान्सपोर्टला पोहोचवतात. डिकीची कड उंच असल्यामुळे प्रत्येक गठ्ठा आधी मांडीवर घेऊन मग आत ढकलावा लागतो. “सामान बसतंय हो भरपूर,” ते म्हणतात, “पण पुलाच्या चढाला गाडीला दम लागतोय.” अण्णांची गाडीही बिनटर्बोची आहे, हे वेगळे सांगायला नको.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र या वर्गाने भारतीय ग्राहकावर उपकार केले आहेत. २०१४ साली गाड्या आपटून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या मोटारी ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने आपटून पाहिल्या, तेव्हा पाचही शून्य ताऱ्यांच्या निघाल्या होत्या. २०१८ च्या डिसेंबरात नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात तयार झालेल्या मोटारीला असे यश पहिल्यांदाच मिळाले होते. २०२१ मध्ये सहा-सात लाखांच्या घरातल्या पंचला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. शोरूममध्ये तारे विचारणारे गिऱ्हाईक सोलापुरात आता नवलाईचे राहिलेले नाही. पण हे तारे पट्टा लावलेल्या पुतळ्यांना मिळालेले असतात. आमच्या गाडीला सीट कव्हरे बसवून घेतली, तेव्हा दुकानातल्या कारागिराने मागच्या तिन्ही पट्ट्यांची बकले कव्हराखाली इतकी व्यवस्थित दडपली की ती जणू नव्हतीच. विचारल्यावर तो म्हणाला, “मागं कोण लावतंय? टोचतात म्हणून आत घातली.” ब्लेडने कव्हराला चिरा पाडून मी ती बाहेर काढली. कव्हर त्या जागी आता विरलेले दिसते, आणि पाहुणे त्याविषयी विचारतातही.

टॉप मॉडेलच्या मोहाबद्दल भाच्याशी माझे बरेच बोलणे झाले. सोळा इंचांच्या मिश्रधातूच्या चाकांवर टायरची भिंत कमी उंचीची असते, त्यामुळे खड्ड्याचा दणका आत जास्त येतो आणि चाकाची कड वाकली तर खर्च मोठा. पंधरा इंची लोखंडी चाक वाकले तर टायरवाला हातोड्याने सरळ करून देतो. या गाड्यांचे सस्पेन्शन, उंची सांभाळायची म्हणून, आधीच कडक असते. रिकाम्या गाडीची मागची बाजू आदळते आणि माणसे भरली की ती सुधारते. सनरूफविषयी तर बोलायलाच नको. ज्या गावात वर्षातले चार महिने सूर्याकडे पाहवत नाही, तिथे छपराला काच बसवून घेण्यासाठी लोक जादा पैसे का मोजतात, हे मला कळलेले नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत त्या काचेतून कमरेपर्यंत बाहेर आलेली मुले पाहिली की पोटात गोळा येतो. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर लागतो आणि दहाच्या वर गेले की १२ टक्के. वरचे मॉडेल घेताना जाहिरातीत न दिसणारी ही पायरीही चढावी लागते.

एक चौकशी मी त्याला आवर्जून करायला सांगितली, ती सुट्या भागांची. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा इकोस्पोर्ट धडधाकट असलेल्या माणसांच्याही कपाळाला आठ्या पडल्या. डस्टर २०२२ मध्ये बंद झाली. गाडी चांगली असणे आणि तिची कंपनी इथे टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुण्याहून पार्ट मागवून आठवडा घालवण्यापेक्षा, आपल्या गावातल्या गॅरेजमध्ये कोणत्या गाड्यांची गर्दी आहे आणि त्या कशासाठी आल्या आहेत, हे एका दुपारी जाऊन पाहून यावे.

भाच्याने सगळे ऐकले, कागदावर लिहूनही घेतले, आणि अखेर मधले मॉडेल, पांढरा रंग, सनरूफ नाही, असे ठरवले. टर्बोचा सल्ला मात्र त्याने मानला नाही. त्याने सीएनजी घेतली. पंचचेच उदाहरण घेतले, तर सीएनजीवर ८८ पीएसचे सुमारे ७३ होतात, टॉर्क १०३ वर येतो आणि टाक्यांमुळे डिकी २१० लिटरची उरते, हे मी त्याला दाखवले. त्याचे म्हणणे असे की रोजचा प्रवास कारखान्यापर्यंतचा आणि एकट्याचा, इंधनावरचा खर्च जवळजवळ निम्मा, पाचवे माणूस घरात नाही, आणि वर्षातून दोनदा लांब जायचे झाले तर गाडी भाड्याने मिळते. त्याच्या हिशेबात मला कुठे चूक सापडली नाही. फक्त त्याची सासुरवाडी बार्शीला आहे आणि ऊसतोडणीच्या दिवसांत त्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना माझी आठवण येईल, एवढे मी त्याच्या कानावर घातले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, “मामा, सासुरवाडीला जायची एवढी घाई कुणाला असते?”